वच्छलाकाकूंच्या टिकल्या

वच्छलाकाकूंना गोड बोलता येत नव्हतं. तोंडात साखर ठेवून बोलणारी माणसं आमच्या अनसिंगमध्ये तशी कमीच, पण काकूंच्या जिभेची जातच निराळी. गल्लीतल्या शोभाचा नवरा गेला तेव्हा सगळ्या बायका तिच्या गळ्यात पडून रडत होत्या. काकू आल्या, तिच्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "पुरे कर वं पोरी. थो होता तवा तू कोन्ती हासत होती?" शोभाचं रडणं जागच्या जागी थांबलं. तो पिऊन तिला मारायचा हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं, पण प्रेत दारात असताना ते बोलायची छाती एकट्या काकूंची. मला त्या 'मास्तरीनबाई' म्हणायच्या, कारण मी गावातल्या शाळेत शिकवते. नवी नवरी म्हणून त्यांच्या शेजारी राहायला आले तेव्हा मोठ्या हौसेनं त्यांना चहा दिला होता. त्यांनी एक घोट घेऊन कप खाली ठेवला आणि विचारलं, "मास्तरीनबाई, कोन्ता बयल धुतला या पान्यात?"

उंच, वाळकी बाई. सत्तरी उलटली तरी पाठीत बाक नाही. डोक्यावरचा पदर कधी घसरला नाही. घरात चालताना डाव्या हाताची बोटं भिंतीवरून, कपाटाच्या कडेवरून, ओट्याच्या काठावरून फिरवत चालायच्या. मी घरी येऊन नवऱ्याला सांगायचे, बुढी पाहा कशी रोज आपली इस्टेट चाचपून पाहते. आम्ही दोघं हसायचो.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण ती मला फार उशिरा कळली आणि तिच्यावाचून पुढचं सगळं वेडेपणाचं वाटेल. काकूंना दिसत नव्हतं. काचबिंदूनं दोन्ही डोळे कडेकडेनं खाऊन टाकले होते. मधोमध जेमतेम एक कवडसा उरला होता, तोही धुरकट. बँकेचं निमित्त करून त्या एकट्या एसटीनं वाशीमला डॉक्टरकडे जाऊन आल्या होत्या. त्यानं सांगितलं, गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली थेंब टाकून सांभाळा. थेंबाची बाटली काकूंनी देवघरात गंगाजलाच्या गडव्यामागे ठेवली आणि कुणाला काही सांगितलं नाही. दादाराव, म्हणजे त्यांचे यजमान, जाऊन नऊ वर्षं झाली होती. शेत बटईनं दिलेलं. घरात त्या एकट्या. एकुलता एक संजय पुण्याला, बाराव्या मजल्यावर. आईचे डोळे गेले हे त्याला कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी त्यानं गाडी आणून तिला उचलून नेलं असतं. आपल्या घरात आपल्या हातानं चूल पेटवत मरायचं, एवढी एकच गोष्ट काकूंना हवी होती.

संजय वाईट मुलगा नव्हता, हीच खरी अडचण. वाईट असता तर काकूंनी त्याला दोन शब्दांत वाटेला लावलं असतं. आईला एकटं ठेवलंय याची त्याला टोचणी होती आणि तिच्यावर त्याला एकच औषध सापडलं होतं, खोकं. दसऱ्याला खोकं, दिवाळीला खोकं, आखाजीला खोकं. घरातली वस्तू दोन वर्षांची झाली की त्याला ती बघवत नसे. लहानपणी तो तिला 'माय' म्हणायचा, पुण्याला जाऊन 'आई' म्हणायला लागला. "आई, हे आता आउटडेटेड झालं," असं म्हणून तो चालती वस्तू एक्सचेंजमध्ये देऊन टाकायचा, नवी बसवायचा, तासाभरात सगळं भराभर समजावून सांगायचा आणि सोमवारी ऑफिस आहे म्हणून निघून जायचा. एकदा काकू वैतागून म्हणाल्या, "मलेबी टाकून दे त्या एक्सचेंजमंधी. कुकर तरी भेटंन तुले." संजय इतका हसला की त्यानं त्यांना ते पुन्हा बोलायला लावलं, फोनवर टिपलं आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकून दिलं.

त्यांचं जुनं कपडे धुण्याचं मशीन खटक्याचं होतं. एक खट, दोन खट, तीन खट. तिसऱ्या खटक्याला धुणं, पाचव्याला पिळणं. डोळ्यांची गरजच नव्हती. ते गेलं आणि त्याजागी वरून सपाट काच असलेलं आलं. बोट नुसतं टेकवायचं, आत दिवे लागतात. ते बसवायला वाशीमच्या दुकानातला माणूस आला होता. सभ्य होता बिचारा, हळू बोलायचा. "आजी, इथं दाबा, मग इथं," असं त्यानं दोनदा सांगितलं आणि काकू त्याच्यावर तुटून पडल्या. "इथं म्हंजे कुठं बे? तुह्या मायनं तुले पाजलं का नाई? डाव्या हातून कितवं, उजव्या हातून कितवं, थे सांग ना!" तो घाबरून डावीकडून मोजायला लागला. दारात आम्ही तिघी-चौघी तोंडाला पदर लावून उभ्या होतो. काकूंच्या घरी नवी वस्तू आली की गल्लीची फुकटची करमणूक व्हायची.

नवी वस्तू आली की काकू दार आतून लावून घ्यायच्या. पंधरा-पंधरा दिवस भर दुपारी त्यांचं दार बंद असायचं. आम्ही म्हणायचो, म्हातारी सोनं मोजून राहिली. त्या आत बसून शिकत होत्या. काचेवर वीत ठेवून मापं घेत होत्या, मशीन किती वेळ गुरगुरतं, मधे कधी थांबतं, पाणी सोडताना कसा आवाज करतं हे पाठ करत होत्या. मी वर्गात 'ढ' मुलांना पाढे शिकवते, मला ठाऊक आहे असं शिकायला काय लागतं. एवढं करून ते अंगवळणी पडावं तर संजय येऊन म्हणे, आई, याच्यापेक्षा चांगलं आलंय.

टीव्हीनं तर कहर केला. पहिल्या टीव्हीला कान होते, ते पिळायचे. मग रिमोट आला; त्याची बटणं काकूंनी बोटांनी पाठ केली. मग डबा आला, डब्याचा वेगळा रिमोट. मग भिंतीएवढा स्मार्ट टीव्ही आला. त्याला चारच बटणं, बाकी सगळं पडद्यावर बघून निवडायचं. काकूंनी तेही साधलं: खाली तीनदा, उजवीकडे दोनदा, की कीर्तन. आणि एक दिवस तो टीव्ही आपला आपण अपडेट झाला. सगळी चित्रं इकडची तिकडे. "निजताना एक होता, उठून पाह्यलं तं दुसराच," काकू मला म्हणाल्या. "असा तं नवराबी बदलत नाई वं." मी पोट धरून हसले. त्या हसल्या नाहीत.

त्या दिवशी संजयचा व्हिडिओ कॉल चालू होता, मी तिथेच बसले होते. तो म्हणाला, "आई, फोन टीव्हीकडे धर, मी सांगतो." काकूंनी फोन देवघराकडे धरला. "आई, टीव्हीकडे!" त्यांनी तो खिडकीकडे फिरवला. "आई, तू मुद्दाम करतेस ना?" संजयचा आवाज चढला. "मुद्दामच करून राह्यली," काकू म्हणाल्या, "काय करशीन?" त्यानं कॉल कापला. रात्रंदिवस राबून मी हिच्यासाठी घेतो आणि हिला शिकायचंच नाही, असं तो नंतर मला फोनवर म्हणाला. मी त्याला म्हटलं, "जुनी माणसं हट्टीच असतात रे बाप्पा." दोघांनाही बरं वाटलं.

आणि मग टिकल्या आल्या. आठवडी बाजारात बांगड्या-टिकल्यांचं दुकान लावणाऱ्या बाईनं मला सांगितलं की तुमची वच्छलाबाई दर बाजाराला टिकल्या घेते. पाकिटावर पाकीट. मखमलीच्या घेते, खड्याच्या घेते, लांबटही घेते. घेताना बोटानं चाचपून घेते. आता विधवा बाईनं टिकल्या घ्यायला काही कायद्यानं बंदी नाही, पण आमच्याकडे नऊ वर्षं भुंड्या कपाळाच्या बाईनं खड्याची टिकली विकत घ्यावी म्हणजे गावाला पंधरा दिवसांचा चारा. तो चारा मी टाकला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, जिथे काकूंना बोलावणं नसायचंच, भरल्या घरात मी म्हटलं, "बुढीचं लगन जमलं वाटते. वऱ्हाडात कोन कोन येता, नावं सांगा." बायका लोळल्या हसून. बैलाच्या पाण्याचा हिशेब मी इतक्या वर्षांनी असा चुकता केला आणि घरी जाताना माझ्या पावलांत एक हलकेपण होतं, हे लपवत नाही.

तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. काकूंच्या सुनेला, अश्विनीला, मी फोन केला. काळजीचा सूर लावून सांगितलं की असं असं गावात बोलतात, तुमच्या कानावर असलेलं बरं. अश्विनीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ताई, बरं झालं तुम्ही सांगितलंत."

उन्हाळ्यात एका सकाळी विरजण मागायला मी काकूंकडे गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. काकू ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या राहून चहा गाळत होत्या आणि डाव्या हाताची करंगळी त्यांनी कपात बुडवलेली होती. वाफाळता चहा बोटाच्या दुसऱ्या पेरापर्यंत आला तेव्हा त्या ओतायच्या थांबल्या. मी "अगं बाई" म्हटलं. त्या वळल्या, पण माझ्याकडे नाही, माझ्या बाजूच्या माठाकडे. मग मी ओट्याकडे पाहिलं. संजयनं आखाजीला गॅस काढून विजेची काचेची शेगडी बसवली होती. त्या काळ्या काचेवर टिकल्या होत्या. मिक्सरवर टिकली, फ्रिजच्या दारावर टिकली, कोपऱ्यातल्या मशीनच्या काचेवर ओळीनं पाच टिकल्या.

"खड्याची म्हंजे चालू," काकू म्हणाल्या. "मखमलीची म्हंजे बंद. लांबटी आच वाढवाची." त्यांनी शेगडीवर हात ठेवला आणि एकही चूक न करता तिन्ही दाखवल्या. "पाह्यलं ना आता? पाह्यलं तं गप राह्य."

मी म्हटलं, "काकू, संजयला सांगा. इलाज करेल तो."

"इलाज नाई याले. थो नेईन मले." त्यांनी कप माझ्या दिशेनं सरकवला, तो बरोब्बर माझ्यासमोर आला. "या घरात मी आंधळी नाई, मास्तरीनबाई. येथून हालली का आंधळी. समजलं का?" मग पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला. "थकली वं मी शिकू शिकू. एक शिकाव तं थे घेऊन जाते. पन शिकतो मी. जोपर्यंत शिकतो तोपर्यंत येथं आहे. तुह्या लेकरायची शपथ आहे तुले, कोनाले सांगशीन तं."

मी शपथ घेतली. टिकल्यांची थट्टा मीच उठवली हे सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. चहा मात्र त्यांनी फार चांगला केला होता.

भाद्रपदात महालक्ष्म्यांना, म्हणजे गौरींच्या सणाला, संजय आणि अश्विनी आले. महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या आदल्या दिवशी संजय आईला गाडीतून वाशीमला बालाजीच्या दर्शनाला घेऊन गेला. मी केळीची पानं द्यायला म्हणून त्यांच्या दारात गेले तर अश्विनी स्वयंपाकघरात ओट्याशी वाकलेली. एका हातात खोबरेल तेलाची वाटी, दुसऱ्या हातात ब्लेडचं पातं. शेगडीवरच्या टिकल्या ती एकेक खरवडून काढत होती. मिक्सर झाला होता, फ्रिज झाला होता, मशीन झालं होतं. रद्दीच्या कागदावर काढलेल्या टिकल्यांचा ढीग होता.

"ताई, या ना," ती म्हणाली. "उद्या घरभर पाहुणे येणार. कुणी बघितलं असतं तर काय म्हणालं असतं? तुम्ही सांगितलंत म्हणून, नाहीतर मला कळलंही नसतं. आईंना काही बोलणार नाही मी, त्यांना वाईट वाटेल. गुपचूप काढून टाकते."

शेगडीवर दोन टिकल्या उरल्या होत्या. मी एक वाक्य बोलले असते तर पुरलं असतं. माझ्याकडे शपथ होती आणि ती मला त्या घटकेला फार सोयीची वाटली. खरं कारण निराळं होतं. टिकल्या कशासाठी आहेत हे सांगितलं असतं तर हे मला ठाऊक असून मी गावाला हसवलं, असं अश्विनीला वाटलं असतं. माझी थट्टा आधीची आणि कळलं नंतर, हे कोण ऐकून घेणार? मी केळीची पानं खाली ठेवली आणि दारात उभी राहून तिला शेवटच्या दोन्ही टिकल्या काढताना पाहिलं. तिनं ओल्या फडक्यानं काच पुसली. "झालं चकाचक," ती म्हणाली. मीही म्हटलं, "हो, छान झालं."

दुसऱ्या दिवशी दुपारी महालक्ष्म्यांपुढे नैवेद्याची घाई होती. सोळा भाज्या, आंबील, पुरण. वाशीम-मंगरूळचे पाहुणे, गल्लीतल्या बायका, सगळ्यांनी घर भरलं होतं. पुरण कुणाला हात लावू द्यायचं नाही हा काकूंचा जुना दंडक. कालपासून ओटा अश्विनीच्याच हाती होता, पुरणासाठी शेगडीही तिनंच लावून दिली होती. पुरण खाली लागल्याचा वास आला तसं काकूंनी पातेलं उतरवलं आणि आच बंद करायला हात काचेवर टेकवला. मखमलीची टिकली जिथे असायची तिथे काहीच नव्हतं. त्यांनी बोटं डावीकडे नेली. मग उजवीकडे. मग पूर्ण तळवा तापलेल्या काचेवर ठेवून त्या चाचपत राहिल्या. कातडी जळल्याचा वास पुरणाच्या वासात मिसळला तरी हात उचलला नाही.

"आई, हात काढ!" संजय ओरडला. त्यानं तो ओढून बाजूला केला. "अगं, बटण समोर तर आहे. दिसत नाही का?"

काकूंनी मान वर केली. भर दुपारचं ऊन खिडकीतून ओट्यावर पडलं होतं आणि डोक्यावर पंखा गरगर फिरत होता.

"लाईन गेली वाटते," काकू म्हणाल्या. "अंधार करून ठेवला मेल्यायनं. काई दिसून नाई राह्यलं."

पंख्याचा आवाज त्यांना ऐकू आला नसेल असं नाही. त्या घटकेला दुसरं काही सुचलं नसेल. एरवी काकूंच्या प्रत्येक बोलण्यावर हसणाऱ्या आम्ही साऱ्या तिथेच होतो, पण कुणी हसलं नाही. संजयनं त्यांच्या डोळ्यांसमोर दोन बोटं हलवली. मग पाच. मग तो ओट्याला टेकून खाली बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. "माय, काहून नाई सांगतलं वं," एवढंच तो म्हणत होता. काकूंनी भाजलेला हात पदरात गुंडाळला आणि म्हणाल्या, "नैवेद्याले उशीर होऊन राह्यला." महालक्ष्म्या उठल्या त्या दिवशी त्यांची पेटीही गाडीत गेली.

पुढच्या वर्षी भाचीच्या लग्नाला पुण्याला गेले तेव्हा मी त्यांना भेटायला गेले. जायचं मनात नव्हतं, पण न जाणं आणखी कठीण होतं. काकू खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या, दोन्ही हात मांडीवर. उजव्या तळव्यावर गुळगुळीत गुलाबी डाग होता. संजयनं उत्साहानं घर दाखवलं. दिवे बोलून लागत होते, पंखा बोलून फिरत होता, पडदे बोलून सरकत होते. "आईला आता काही शोधावंच लागत नाही, नुसतं बोलायचं," तो म्हणाला. मी तासभर होते. त्यांच्या तोंडून 'हो', 'नाई' आणि 'बस' एवढंच निघालं. मी मुद्दाम म्हटलं की शोभानं दुसरं लग्न केलं. त्या नुसत्या "बरं" म्हणाल्या. मला रडू आलं ते तेव्हा.

एकाच वस्तूवर संजयचा इलाज चालला नव्हता. दाराला बोटाच्या ठशानं उघडणारं कुलूप होतं आणि आईचा ठसा ते घेत नव्हतं. "दहाही बोटं लावून बघितली," तो हसत म्हणाला. "राखेनं भांडी घासून घासून रेघाच राहिल्या नाहीत तिच्या. पुढच्या महिन्यात नवं मॉडेल येतंय, ते चेहरा बघून उघडतं." त्याला ऑफिसचा फोन आला, तो आत गेला. अश्विनी भाजी आणायला खाली गेली होती.

मी निघाले तशा काकू उठल्या. आमच्याकडे पाहुण्याला उंबऱ्यातून निरोप देत नाहीत, चार पावलं सोबत जातात. भिंत चाचपत त्या लिफ्टपर्यंत आल्या. मागे दार आपोआप ओढलं जाऊन बंद झालं. मी म्हटलं, "काकू, त्या टिकल्या..."

"मालूम आहे," त्या म्हणाल्या. "सून बोलली मले. तू दारात उभी होती मने."

लिफ्ट आली, तिचं दार उघडलं.

"जाय. लिफ्ट निंघून जाईन."

मी आत गेले. काकू वळल्या, भिंतीवरून हात फिरवत दारापाशी पोचल्या आणि कुलूप शोधून त्यावर अंगठा ठेवला. लाल दिवा लागला. त्यांनी तर्जनी ठेवली. पुन्हा लाल. मग मधलं बोट. हाक मारली असती तर संजय आला असता, पण त्यांनी हाक मारली नाही. मला लिफ्ट थांबवता आली असती. बाहेर येऊन त्यांचा तो हात हातात घ्यावा लागला असता, आणि ते माझ्यानं होणार नव्हतं. लिफ्टचं दार सरकायला लागलं तेव्हा त्या दुसऱ्या हाताच्या करंगळीपर्यंत आल्या होत्या. ती त्यांनी पदराला पुसली आणि पुन्हा अंगठ्यापासून सुरुवात केली.